मधे बोलायचं नाही

तात्यांच्या तोंडून "खु" बाहेर आला आणि नेमकं तेवढ्यात विमान आलं.

आम्ही चिंचमाळच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. दुपारची वेळ. तात्यांनी काठी उचलून गोठ्याच्या दिशेला काहीतरी दाखवलं होतं आणि ओठ गोळा करून ते शब्द ओढून काढत होते. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा एकेक शब्द वर यायचा त्यांचा तेव्हा. वरून ते धूड घरघरत, कण्हत, अंगावर आल्यासारखं गेलं. पत्रे थरथरले. आवाज विरेपर्यंत तात्या गप्प राहिले, आणि तो विरायच्या आत मी विचारलं, "खुर्ची? खुरपं? खुंटी पाहिजे का? खुराड्याचं म्हणताय?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात झटकला. जाऊ दे, असा. आणि मान खाली घातली. काय पाहिजे होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं डोकं असं काही फिरलं की बास. मी अंगणात उतरून त्या विमानाच्या शेपटाला दोन शिव्या हासडल्या. शेजारच्या शेतातल्या बायका खुरपणं सोडून बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, कारभारी सानपांची शिकलेली लेक कामातून गेली. पण त्यांना काय माहीत की ते विमान तिथं, त्या उंचीवर, कोणी आणून ठेवलं होतं ते मला नावानिशी ठाऊक होतं. मी तिथूनच फोन लावला.

"कुलथे, माझ्या बापाच्या डोक्यावर कोणाला आणून बसवलंस रे?"

"मॅडम," कुलथे म्हणाला, "आज तुमची सुट्टी आहे ना?"

मी शहराच्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काचेच्या मनोऱ्यातून दुर्बीण लावून बघतात ते नव्हे. आम्ही खाली बंद खोलीत पडद्यासमोर बसायचो आणि लांबून येणाऱ्या विमानांना उतरायच्या रांगेत लावायचो. कुलथे माझ्या हाताखालचा. कामाला चोख, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. दुसऱ्याला असं म्हणायचा मला अधिकार आहे की नाही ते पुढे येईलच.

आधी तात्यांचं सांगते. आमचे तात्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरांची रांग लागलेली, पुढे तात्या, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्या सगळ्या कालव्यावर तात्यांचा आवाज. दूरच्या गेटावर चहा पीत बसलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव तिथं बसून ऐकू जायचा. घरातसुद्धा मीठ मागितलं तरी लिलाव पुकारल्यासारखं. आई गेल्यावर ते एकटेच मळ्यात राहायचे, आणि मी रोज फोन केला की मला रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावा लागायचा. त्या माणसाला अर्धांगाचा झटका आला. हात आठवड्याभरात हलायला लागला, पाय काठीवर उभा राहिला, वाचा मात्र गेली. समजत सगळं होतं. बोलायचं काय तेही ठाऊक होतं. फक्त तोंडापर्यंत येईना.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. नंतर आशा कमी. त्यातलं अर्धं वर्ष सरलं होतं आणि तात्यांच्या पदरात चार-दोन सुटे शब्द होते. मी बदली रजा, अर्धी रजा, पगारी, बिनपगारी, मिळेल ती रजा काढून चिंचमाळला पळत होते. आणि दर वेळी तेच. तात्या शब्दाला हात घालणार, वरून विमान जाणार, शब्द गळून पडणार. आमचं घर नेमकं विमानांच्या वाटेखाली होतं.

आता हे विमान एवढं का ओरडतं ते ऐका, म्हणजे मी का ओरडत होते तेही कळेल. उतारावर सायकल सोडून दिली तर ती आवाज न करता खाली येते. विमानाचंही तसंच आहे. उंचावरून एका सरळ उतारानं सोडलं तर इंजिन जवळजवळ विसाव्यावर ठेवून ते घसरत येतं. पण आम्ही त्याला तसं येऊ द्यायचो कुठे? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच रीत. विमान लवकर खाली आणून ठेवायचं, म्हणजे आपण मोकळे. आधी इतकं खाली ये. थांब. तसाच सरळ चल. आता आणखी खाली ये. परत थांब. जिन्याच्या पायऱ्या उतरवतात तसं. आणि ज्या ज्या पायरीवर त्याला थांबवायचं, तिथं उंची टिकवायला त्याला इंजिन रेटावं लागतं. ती रेटारेटी म्हणजे तो आवाज. यातली सगळ्यात लांबलचक पायरी चिंचमाळच्या बरोब्बर वर होती. का, तर आमच्या गुरूंनी तशी शिकवली होती, आणि त्यांना त्यांच्या गुरूंनी.

यावर उपाय आमच्याच खोलीत प्लॅस्टिकचं आवरण घालून पडून होता. नवी संगणक प्रणाली आली होती. ती विमान लांब असतानाच सांगायची की याला धावपट्टीपर्यंत अजून एवढं अंतर कापायचं आहे, अमुक वेळी ते टेकेल. आपण तेवढं पायलटला सांगायचं. मग तो आणि त्याचा संगणक मिळून हिशेब करतात आणि एका दमात, इंजिन न रेटता खाली येतात. अट एकच. एकदा अंतर सांगितलं की मधे बोलायचं नाही. मधेच "थांब" म्हणालात की झाला सत्यानाश, आली पायरी, आला आवाज.

मी आमचे प्रमुख चौबळ साहेब यांच्यामागे हात धुऊन लागले. चौबळ साहेब म्हणजे सभ्य माणूस, पण कुठलीही गोष्ट पुढच्या महिन्यावर ढकलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी त्यांना लपवाछपवी न करता सांगितलं, माझे वडील त्या वाटेखाली राहतात, त्यांची गेलेली वाचा या आवाजात परत येत नाही, मला हे करून पाहिजे. ते म्हणाले, "सानप मॅडम, वडिलांसाठी प्रणाली सुरू करता येत नाही. पण प्रभात सोसायटीच्या तक्रारी फार झाल्यात. त्यांच्यासाठी चाचणी घेऊ."

प्रभात सोसायटी विमानतळाच्या कुंपणाला टेकलेली. तिचे अध्यक्ष श्रोत्री म्हणजे निवृत्त प्राध्यापक, दर सोमवारी तक्रारीचं पत्र. साहेबांनी उन्हाळ्याभराची चाचणी मंजूर केली आणि आवाज मोजायचं यंत्र बसवलं कुठे? तर प्रभात सोसायटीच्या गच्चीवर.

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, धावपट्टीच्या तोंडाशी सगळी विमानं सारखीच येतात. तिथं चाकं काढलेली असतात, पंखांच्या झडपा उघडलेल्या असतात, शेवटचा उतार सगळ्यांना एकच. जुनी रीत असो की नवी, सोसायटीच्या डोक्यावर तेवढाच आवाज होणार. फरक पडायचा तो लांब, चिंचमाळसारख्या ठिकाणी. हे मी साहेबांना कागदावर रेघा मारून समजावलं. त्यांना समजलंही. तरी म्हणाले, "तक्रार जिथून, यंत्र तिथं. चिंचमाळहून एक तरी तक्रार आहे का?"

नव्हती ना. तेच तर दुखणं होतं. चिंचमाळच्या लोकांना विमानांचा अभिमान. पाहुणे आले की त्यांना गच्चीवर नेऊन विमान दाखवायचे. सरपंचांकडे तक्रारीचा अर्ज घेऊन गेले तर ते म्हणाले, "ताई, विमानतळाजवळ म्हणून प्लॉट पाडलेत आपण माळावर. आवाजाची बोंब तुम्हीच मारली तर घेईल कोण?" मी त्यांना दोन शब्द ऐकवले. त्यांनी चहा पाजला. सही मात्र दिली नाही.

असो. चाचणी सुरू झाली आणि मला वेगळाच ताप सुरू झाला. प्रणाली शिकायला सोपी होती. माणसं गप्प बसवणं अवघड. कुलथे पायलटला अंतर सांगायचा, प्रणालीप्रमाणे, व्यवस्थित. मग त्याची चुळबुळ सुरू. पडद्यावरचा ठिपका हळूहळू सरकतोय, सगळं ठीक चाललंय, तरी याच्यानं राहवेना. "उतार चालू आहे ना?" असं विचारायचा. पायलटला वाटायचं, काहीतरी बिनसलं. तो थांबायचा, इंजिन रेटायचा. मी मागे उभी राहून कुलथ्याची खुर्ची हलवायची. "विचारलंस कशाला? त्याला येतंय ना? त्याचं त्याला येऊ दे की."

"मॅडम, काळजी वाटते हो."

"काळजी तुझ्या खिशात ठेव. तुझ्या काळजीनंच तो अडतोय."

शेवटी मी एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून सगळ्यांच्या समोर भिंतीला लावलं, मधे बोलायचं नाही. खोलीत माझं नाव त्यावरून काय पडलं ते सांगत नाही. पण हळूहळू लोक शिकले. भरुचा नावाचे एक बुजुर्ग कॅप्टन होते, त्यांनी उतरल्यावर मुद्दाम फोन करून सांगितलं की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही लोकांनी माझं विमान मला उतरवू दिलंत. मला इतका आनंद झाला की मी कुलथ्याला भजी खाऊ घातली.

आणि चिंचमाळ शांत झालं. अगदी शांत नव्हे, पण वरून जाणारं विमान आता घसरत, सुस्कारा सोडत जायचं. पत्रे थरथरायचे थांबले. ओट्यावर बसून मला ते पडद्यावरच्यासारखं डोळ्यांसमोर दिसायचं. माझ्या हातानं शांत केलेलं आभाळ होतं ते. आता तात्या बोलतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची.

तात्या बोलेनात. उलट होते ते शब्दही कमी झाले. मी गेले की ते हातानं खुणा करायचे, नाहीतर डोळे मिटून पडून राहायचे. मी विचारायची, "भूक लागलीय? पाणी? कूस बदलायची? औषध कडू लागलं?" ते मान हलवायचे, होय नाहीतर नाही. सगळं कसं पटापट व्हायचं. पण बोलणं शून्य. मला रडू यायचं आणि रागही यायचा. एवढं आभाळ हलवलं मी या माणसासाठी, आणि हा तोंड उघडायला तयार नाही.

दर शनिवारी मोमीन मॅडम यायच्या. वाचा सुधारायचे व्यायाम घ्यायच्या. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, बोलणं मऊ. मी नसताना तात्या त्यांच्याशी चार शब्द बोलतात असं त्या म्हणाल्या. मला पटलं नाही. मला वाटलं, आपली फी चालू राहावी म्हणून सांगतेय.

"तुम्ही त्यांना वेळ द्या, सानप मॅडम," त्या म्हणाल्या.

मी भडकलेच. म्हटलं, माझी सगळी रजा संपली, बढतीची परीक्षा मी सोडली, शहरातून इथवर गाडी हाकत येते, आणखी किती वेळ देऊ? त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "तो वेळ नाही हो." आणि पिशवी उचलून निघून गेल्या. मला ती पोर जरा आगाऊच वाटली.

उन्हाळा संपत आला तसा चौबळ साहेबांनी मला बोलावलं. सोसायटीच्या गच्चीवरच्या यंत्राचे आकडे आले होते. फरक नाही. जो पडणारच नव्हता तो पडला नव्हता. साहेब म्हणाले, आता सोसायटीच्या सभागृहात जाहीर सुनावणी ठेवू, तिथं चाचणी बंद केल्याचं सांगून टाकू. म्हणजे परत पायऱ्या, परत ती घरघर, आणि तात्यांचं जे काही उरलेलं वर्ष होतं तेही त्यात जाणार. मी साहेबांसमोर अक्षरशः हात जोडले. ते विरघळले थोडे. "लांबच्या भागातला एक माणूस आणा," ते म्हणाले. "त्यानं सुनावणीत उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगू दे की फरक पडला. मग मला यंत्र तिकडे हलवता येईल. पण स्वतःच्या तोंडानं. तुम्ही सांगून चालायचं नाही."

चिंचमाळमध्ये असा माणूस कोण मिळणार? सरपंचानं सगळ्यांना दम भरलेला. उरले तात्या.

मी वाक्य तयार केलं. "विमानाच्या आवाजानं मला बोलता येत नव्हतं, आता फरक पडला." आठवडाभर तात्यांकडून घोटून घ्यायला लागले. ते "वि" म्हणायचे, मी "विमानाच्या" म्हणायची. ते "आ" म्हणायचे, मी "आवाजानं". ते मधेच थांबायचे, मी पुढचं सांगायची. एकदा त्यांनी हातातला पेला भिंतीवर भिरकावला. मी फरशी पुसली आणि म्हटलं, चला, परत पहिल्यापासून. सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत ते वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही पूर्ण झालं नाही. माझं मात्र पाठ झालं होतं.

प्रभात सोसायटीचं सभागृह गच्च भरलं होतं. मी तात्यांना धोतर-सदरा घालून, डोक्याला टोपी घालून पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बसले. टेबलामागे चौबळ साहेब आणि श्रोत्री. आकड्यांची चित्रं पडद्यावर दाखवायला कुलथे आला होता, तो बाजूला बसला होता.

तिथं एक गोष्ट मी पहिल्यांदाच बघितली. श्रोत्री बोलायला उभे राहिले. "गेली कित्येक वर्षं आम्ही," इथपर्यंत आले आणि विमान आलं. खिडक्यांची तावदानं वाजायला लागली. श्रोत्र्यांनी नुसता तळवा वर केला आणि थांबले. सभागृहातलं झाडून सगळं माणूस थांबलं. कोणी घड्याळ बघितलं नाही, शेजाऱ्याशी कुजबुज केली नाही. सगळे श्रोत्र्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. विमान गेलं. श्रोत्र्यांनी हात खाली केला आणि "हा त्रास सोसतोय," असं म्हणून वाक्य जिथं सुटलं होतं तिथून पुढे गेले. मग एक बाई बोलत असताना तेच. त्यांचं वाक्य अर्ध्यात असताना विमान आलं, सगळे थांबले, विमान गेलं, बाईंनी उरलेलं अर्धं वाक्य पुरं केलं. त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं ते. मला वाटलं, काय ही माणसं, आयुष्य असं तुकड्यातुकड्यांनी जगायचं.

शेवटी चौबळ साहेब म्हणाले, चिंचमाळहून एक गृहस्थ आलेत, त्यांचं म्हणणं ऐकू. तात्या काठी टेकत उभे राहिले. मीही त्यांच्या कोपराला धरून उभी राहिले.

"वि," तात्या म्हणाले.

"विमानाच्या," मी हळूच म्हटलं.

"विमा... आ..."

"आवाजानं."

तात्या थांबले. साहेब म्हणाले, "मॅडम, त्यांना बोलू द्या." मी म्हटलं, त्यांना आजारामुळे जमत नाही, मी फक्त आठवण करून देतेय. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, तो पेला फेकला होता त्या दिवशीसारखं. मग हात झटकला आणि खाली बसायला लागले. साहेबांनी समोरचे कागद आवरायला घेतले. संपलं सगळं, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले. एवढ्या माणसांत मी बापाला ओढत आणलं होतं, आणि त्याच्या तोंडून निघालं काय तर दीड शब्द.

बसता बसता तात्या परत उठले. तोंड उघडलं. "फ..." म्हणाले.

आणि विमान आलं.

मी म्हणाले, "फरक. फरक पडला म्हणा." माझं मलाच ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं. काही उपयोग नाही, तावदानांचा खडखडाट आणि इंजिनांची गर्जना यात माझं तोंड नुसतं हलत होतं. शेवटी मी ते मिटलं. श्रोत्र्यांनी तळवा वर केला होता, तात्यांच्या दिशेला. तुमची पाळी आहे, ती तुमचीच आहे, असा. आणि सगळं सभागृह तात्यांच्या तोंडाकडे बघत होतं. कोणाच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, घाई नव्हती. विमान जाईपर्यंत बोलणाऱ्यासाठी थांबायचं असतं, एवढंच. तात्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. टोपी सारखी केली. त्यांचे ओठ हलत होते.

विमान गेलं. श्रोत्र्यांनी हात खाली घेतला. "हं, बोला," ते म्हणाले. आणि परत थांबले.

"फरक पडला," तात्या म्हणाले. आवाज जुना नव्हता, पण स्वच्छ होता. मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. "चिंचमाळावर... विमान आता... हळू जातं."

चौबळ साहेबांनी पेन उचललं आणि लिहून घेतलं. मला टाळ्या वाजवाव्या असं वाटलं. श्रोत्र्यांना मात्र प्राध्यापकी सुटेना. त्यांनी विचारलं, "म्हणजे आधी आवाजामुळे तुम्हाला बोलता येत नव्हतं?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. श्रोत्र्यांनी माझ्याकडे न बघता तोच तळवा माझ्यापुढे धरला.

तात्यांनी मान हलवली. नाही. मग बराच वेळ गेला. कोणी खाकरलंसुद्धा नाही.

"विमान जाऊ द्यायचो," तात्या म्हणाले. "शब्द... तिथंच असायचा. थांबायचा." त्यांनी काठी उचलली आणि तिचं टोक माझ्याकडे केलं. "ही थांबत नाही."

कोणीतरी बायकांमधून हसलं. मग आणखी दोघं-तिघं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. काय काय म्हणायचं होतं मला. रजा, परीक्षा, पळापळ, सरपंचाच्या दारातल्या खेपा, सगळं जिभेवर आलं. मी इकडेतिकडे बघितलं तर कुलथे माझ्याचकडे बघत होता. त्या गाढवानं ओठांवर बोट ठेवलं.

तात्यांचं अजून संपलं नव्हतं.

"पोर गुणाची आहे," ते म्हणाले. मग थांबले, आणि मी थांबले, आणि सगळे थांबले. "पण फार... घाई."

काठी टेकून ते खाली बसले. कपाळावर घाम आला होता, आणि लिलाव मनासारखा सुटल्यावर दिसायचे तसे दिसत होते.

यंत्र चिंचमाळला हललं. आमच्या ओट्यावरच बसवलं ते. आकडे आले, चाचणी वाढली, आणि पुढे तीच रीत कायम झाली. आता नव्या पोरांना जुनी रीत शिकवलीच जात नाही. सरपंचाचे प्लॉट "विमानतळाजवळ आणि शांत" म्हणून गेले, त्याबद्दल मला कोणी पेढासुद्धा दिला नाही. प्रभात सोसायटीला काही म्हणजे काही मिळालं नाही. श्रोत्र्यांनी तरीही चाचणी चालू ठेवा म्हणून लिहून दिलं होतं. पुढच्या सोमवारी त्यांचं तक्रारीचं पत्र नेहमीप्रमाणे आलं. तात्या त्यानंतर सात-आठ वर्षं होते आणि त्यांच्या पद्धतीनं, सावकाश, पुष्कळ बोलले.

पण मला आठवते ती त्याच दिवसाची परतीची वाट. मी गाडी चालवत होते, तात्या शेजारी. मी संतापले होते. चारचौघांत बापानं काठीनं दाखवलं होतं मला. ठरवलंच होतं, आता चिंचमाळ येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बघू दे त्यांना, मला थांबता येतं की नाही.

शहर मागे पडलं. द्राक्षांचे मळे लागले. मग तात्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "फा..."

माझ्या जिभेच्या टोकावर दहा शब्द आले. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"फा... फा..." तात्यांनी बोटानं मागे कुठेतरी दाखवलं. मी बघितलं नाही. समोर बघत राहिले. दात आवळले होते. एक पूल गेला, पेट्रोलपंप गेला, रसवंती गेली. तात्या ओठ जुळवत होते, सोडत होते, परत जुळवत होते. इतका वेळ मी आयुष्यात कोणासाठी गप्प बसले नव्हते. कपाळाची शीर उडत होती माझ्या. मोमीन मॅडम म्हणाल्या होत्या तो वेळ केवढा लांब असतो ते मला तेव्हा कळलं. पुढचं गावही आलं आणि मागे पडलं.

"फाटा," तात्या म्हणाले, "मागं राहिला."

मी गाडी बाजूला घेतली. खरंच की. आमचा फाटा केव्हाच मागे गेला होता, आम्ही भलत्याच तालुक्यात निघालो होतो. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खूश होते. अख्खं वाक्य, एकट्यानं, कोणी हात न लावता. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि बापाचा गळा धरावासा वाटत होता.

"आणखी काही?" मी विचारलं, आणि इंजिन बंद केलं.